पाठमोरी घरं

फेब्रुवारीत ब्रुजच्या होड्या बंद असतात.
तिकिटाची खिडकी फळी ठोकून मिटलेली,
राजहंस शिळ्या पावासाठी कुणाच्याही मागे लागलेले.
आणि वान्नेस, ज्याला हे शहर चार भाषांत तोंडपाठ आहे,
इंजिन तपासायच्या निमित्ताने
गोडलीव्ह मावशीला म्हणाला, ये, बस.

एक्क्याऐंशी वर्षं तिने या गावात काढली,
होडीत कधी बसली नव्हती.
होड्या परक्यांसाठी, असं ती म्हणायची,
जशी घोडागाडी, जशी दुकानातली चॉकलेटं.
येताना उशी आणली होती तिने, थर्मास,
आणि तिकिटाचे मोजून सुटे पैसे.
ते त्याने घेतले नाहीत
म्हणून पहिल्या वळणापर्यंत ती फुगून बसली.

पूल आला. वान्नेस सवयीने ओरडला,
डोकी सांभाळा मंडळी! आधी फ्रेंचमध्ये, मग जर्मनमध्ये.
होडीत एकटीच असलेली मावशी
दोनदा वाकली.

मग घरांच्या पाठी सुरू झाल्या.
रस्त्यावरून ज्यांचे फोटो निघतात
ती पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्यांची घरं
इकडून अगदी वेगळीच निघाली;
पाहुणे ओटीवर असताना
माजघरात केस मोकळे सोडून बसलेल्या बायकांसारखी.
शेवाळलेल्या विटा. वाळत टाकलेला एक टॉवेल.
थेट पाण्यात उघडणारी दारं,
म्हणजे, उघडायची.

हे आमचं, ती म्हणाली.

त्याने इंजिन बंद केलं.
या भिंतीविषयी चारही भाषांत
त्याच्याकडे एक वाक्य नव्हतं.
वर हॉटेलच्या एसीचा डबा,
खाली विटांनी बुजवलेलं दार,
दाराखाली तीन पायऱ्या, चौथी पाण्यात.
चौथीवर आई कपडे धुवायची, ती म्हणाली.
पाण्याला वास मारायचा.
तुझ्या गोष्टींत वास कुठे असतो रे?
तिकिटात बसत नाही, तो म्हणाला.

तिसरीवरून मी बॉबिन फेकले होते, ती म्हणाली,
लेस विणायचे, आईचे, सव्वीसच्या सव्वीस,
नऊ वर्षांची होते, बोटांना टाचण्या टोचून टोचून.
लाकडीच ते. बुडतील कसे?
ओळीने गेले तरंगत, शाळेला निघालेल्या मुलींसारखे.
समुद्राला मिळाले असतील, असं मी धरून चालले.
तू मार नाही खाल्लास?
ती थर्मासचं झाकण घट्ट करत राहिली,
जे आधीच घट्ट होतं.

रविवारी तो तिला दाम्मेला घेऊन गेला.
कालव्याच्या काठाने, एकाच बाजूला कललेल्या
पॉपलरांच्या रांगेतून, हीटर लावून.
इथे जहाजं लागायची, त्याने सांगितलं,
मिठाची, लोकरीची, दारूच्या पिंपांची.
मग गाळ साचत गेला
आणि समुद्राने हळूच काढता पाय घेतला.
ब्रुज भिकेला लागलं. पाडून नवं बांधायलाही
पैसे नव्हते, म्हणून तर घरं उरली, मावशी.

समोर शेतं होती, ओली, सपाट.
उत्तरेकडून आलेली रानबदकं चरत होती
जणू इथे कधीच दुसरं काही नव्हतं.
ती कठड्याशी बराच वेळ उभी राहिली.
केव्हा गेला म्हणालास?
पाचशे वर्षं झाली असतील.
म्हणजे माझ्या वेळी नव्हताच, ती म्हणाली,
आणि हसायला लागली, इतकी की
कवळी सावरावी लागली.
मग दोघांनी पॅनकेक खाल्ले. उरलेल्या साखरेच्या पुड्या
तिने पर्समध्ये टाकल्या.

मार्चमध्ये पहिली फेरी. सदतीस माणसं, दोन छत्र्या.
घंटाघराच्या पायऱ्या तीनशे सहासष्ट, त्याने सांगितलं,
इथे सगळे हसतात तिथे सगळे हसले,
आणि त्या भिंतीशी त्याचा हात आपसूक
वेग कमी करून बसला.
काय आहे इथे? पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.
तो पायऱ्या मोजत होता. पाणी चढलं होतं.
दोनच दिसत होत्या.

पुढच्या पुलाची सूचना द्यायची राहून गेली.
मागून कुणीतरी कपाळ चोळत
स्पॅनिशमध्ये शिवी हासडली;
ती भाषा त्याला येत नाही.