शेड नंबर त्रेसष्ट, अंबड

दिवसा या कॉम्प्युटरवर पंपांच्या फ्लॅन्जची ड्रॉइंग्ज असतात.
रात्री साडेनऊला दाजी किल्ली माझ्याकडे देतात
आणि मी त्यात एक ढग ठेवते.

ढग म्हणजे दोन कोटी कण.
प्रत्येकाला जागा, वेग, तापमान.
लांबून एकमेकांची ओढ, जवळ आल्यावर एकमेकांचा दाब,
एवढ्यावर चालतं.

पण नुसता गुळगुळीत ढग सोडून चालत नाही,
आधी तो ढवळावा लागतो
आणि ढवळायला बीज म्हणून एक आकडा लागतो, कुठलाही.
आकडा बदलला की आकाश बदलतं.
मी रात्रपाळीच्या भावडू गांगुर्डेंचा टोकन नंबर दिला,
एक्केचाळीसशे बहात्तर.
समोरच्या कार्डांत तोच वर होता.

थंडी मात्र हवी. उणे दोनशे त्रेसष्ट.
वायू ऊब धरून बसला तर फुगून राहतो;
ती उधळून टाकत गेला
तरच आत कोसळतो.
भावडू हसले. निफाडला त्यांच्या भावानं
काल रातभर द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या,
ऊब जाऊ नये म्हणून.
"तुमच्याकडं उलटंच आहे ताई."

पहिल्या रात्री दोन लाख वर्षं सरली.
दुसऱ्या रात्री चाळीस हजार.
गाभा दाटत जातो तसं पाऊल आखूड करावं लागतं;
चौथ्या रात्री, दहा ते सहा,
फक्त नऊ वर्षं.
याचं मात्र भावडूंना नवल वाटलं नाही.
फिनिशिंगच्या कटला फीड कमी करतातच.

पाचव्या रात्री साडेदहाला फेज उडाला.
लेथ थांबले, पंखा थांबला,
हायवेवरचे ट्रक एकदम शेडच्या आत आले.
आम्ही शटर वर केलं. पांडवलेण्यांच्या वर मृग,
आणि त्याच्या बाणाखाली तो पुसट डाग,
चष्म्यावर बोट लागावं तसा.
"ढग तो हाच का?"
याच्यासारखा.
"तिथली लाइट नाही जात," ते म्हणाले,
आणि मेनस्विचकडे गेले.

मग एक वेळ अशी येते की पाऊल सरकतच नाही.
त्यासाठी आधीच सांगून ठेवलेलं असतं:
घनता अमुक पलीकडे गेली की
आतलं सगळं पूस, तिथे एक ठिपका ठेव.
ठिपक्याला वजन आहे, ओढ आहे,
जवळ येईल ते तो गिळतो.
त्याच्या आत आम्ही जात नाही.
त्यालाच तारा म्हणतो.

"म्हणजे आत काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नाही."
नाही.
"आणि तसं लिहिणार?"
ठिपका किती मोठा धरला, ते लिहिणार.
त्यांनी हातातला जॉब मायक्रोमीटरमध्ये धरला,
सैल केला, पुन्हा धरला.
"मग बरोबर. चूक राहतीच.
किती राहिली ते लिहायचं असतं."

नवव्या रात्री मी रन थांबवला.
ढगातला बहुतेक वायू तारा झालाच नाही,
कडेकडेनं विरत, पसरत राहिला.
मला वाटलं माझं काहीतरी चुकलं.
भावडू लेथखालचा बुरादा फावड्यानं गोणीत भरत होते,
निळसर, कुरळा, अजून गरम.
अठरा किलोचा बार, सहा किलोचा जॉब.
गोणी त्यांनी काट्यावर ठेवली,
आकडा पाटीवर खडूनं लिहिला.

"माझ्या नंबरचे किती निघाले?"
अकरा.
त्यातला एक बाकीच्यांच्या खेचाखेचीत
बाहेर फेकला गेला. खोक्याच्या बाहेर.
"कुठं?"
खोक्याबाहेरचं मोजत नाही आम्ही.

सहा वाजून चार मिनिटं.
त्यांनी कार्ड पंच केलं, कानटोपी ओढली,
सायकलचं स्टँड पायानं उडवलं.