ओर्मेलचं वळण

गाड्या येतात का हो या रस्त्यावर,
लोक विचारतात सायकल भाड्यानं घेताना.
नाही, मी सांगतो, सीटची उंची जुळवत.
बंधाऱ्यावर फक्त सायकली, बगळे,
आणि एप्रिलात रस्ता ओलांडणारे बेडूक.
बेडकांना तेवढं जपा.

अडतीस किलोमीटरची फेरी.
एका हाताला तळं, एका हाताला ओकचं रान,
मध्येच लाकडी पट्ट्यांची, मातीनं लिंपलेली चर्चं,
किल्ली कोणाच्या घरी मागायची
ते दारावरच लिहिलेलं.
चढ नाही कुठे. चढ आहे असं वाटलं
तर तो वारा.

डच जोडपी येतात, मागे चार पिशव्या, पुढे दोन,
नवरा नकाशा बघतो, बायको रस्ता.
संध्याकाळी ते म्हणतात, किती शांत आहे तुमच्याकडे.
हो, मी म्हणतो.
शांततेचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही.

ओदेत बारिए माझं गिऱ्हाईक नाही तसं.
तिची स्वतःची सायकल आहे, हिरवी, लोखंडी,
माझ्या दोन सायकलींच्या वजनाची.
फक्त दर ऑक्टोबरला येते,
ब्रेकचे रबर बदलून घेते,
झिजलेले असोत नसोत.
अजून वर्षभर चालतील, मी म्हणतो.
बदल, ती म्हणते.

हिवाळ्यात पॅरिसला पूर येऊ नये
म्हणून नदीचं पाणी इकडे वळवतात,
आणि उन्हाळ्यात तिथल्या पुलांखाली काही वाहावं
म्हणून ते परत सोडतात.
थोडक्यात, त्यांची तळघरं कोरडी
आणि आमचं ओर्मेल पाण्याखाली.
ऑक्टोबर सरता सरता तळ उघडा पडतो.
तेव्हाच उत्तरेकडून क्रौंच येतात,
हजारांनी, न तेल घातलेल्या बिजागऱ्यांसारखे ओरडत,
आणि उतरतात ते थेट
कोणाच्या तरी बीटाच्या शेतात.

त्या गुरुवारी पैसे देऊन ती म्हणाली, चल.

बंधाऱ्यावरून एक जुना रस्ता खाली उतरतो.
लाल फळी आहे: पुढे रस्ता नाही.
आम्ही फळीला वळसा घालून गेलो.
डांबर अजून होतं, भेगाळलेलं,
त्यावर शिंपले, चाकाखाली कडकड फुटणारे,
दोन्हीकडे सफरचंदाच्या झाडांचे बुंधे
गुडघ्याएवढे, काळे, रांगेत.

मला वाटलं, आता ती दाखवत जाईल:
ही शाळा, हे आमचं अंगण.
मी तोंडावर तसे भावही आणून ठेवले होते.
ती काही बोलली नाही.
एकदाच म्हणाली, इथं कायम चिखल असायचा.
अजूनही होता.

मग एक भिंत, कमरेइतकी,
तिच्याशी रस्ता काटकोनात वळलेला.
वळणाच्या बऱ्याच अलीकडे
ओदेतनं घंटी वाजवली.
दोनदा.
थांबली, पाय टेकला,
डावीकडे वाकून बघितलं.

मीही बघितलं. चिखल. एक बोट, कलंडलेली.
लांबवर पाण्याची चकाकती कड.

फिर्मँ, ती म्हणाली, पावाची गाडी
बघता न बघता काढायचा बाहेर.
माझ्या भावाचे दोन दात गेले या कोपऱ्यावर.

पन्नास वर्षांत इथून
माशांखेरीज काही गेलं नव्हतं.
तरी आम्ही थांबलो,
गाडी जायला जेवढा वेळ लागावा तेवढा,
नंतर अजून थोडा,
कारण फिर्मँ, ती म्हणाली, कधीकधी
पुन्हा मागे घ्यायचा.

मग पायडलवर उभी राहून ती निघाली,
मी मागे, माझ्या पुढच्या चाकात
शिंपल्याचा तुकडा टकटक वाजत.

ब्रेक चांगले लागतायत, ती ओरडली,
मागे न बघता.