लाईन

आमच्या घरी हा शब्द
बाबांच्या चामडी पिशवीतून आला,
पक्कड, चिकटपट्टी, पितळी क्लिपांबरोबर.
लाईन म्हणजे तांब्याची. जोडीनं जाणारी.
ती डेड होते, खरखरते,
रास्ता पेठेतल्या अय्यरांची
कधी टिळेकरांच्या गळ्यात पडते
आणि दोन्ही घरांची भांडणं एकमेकांना कळतात.

आईची लाईन रॉकेलची.
डबा ठेवून घरी आलं तरी जागा राहायची.
मामा पोलीस लायनीत.
आणि पाहुणे विचारायचे,
मुलगा कुठल्या लाईनला?
दादा तेव्हा कुठल्याच नव्हता.

मी अकरावीत. नाना पेठेत
सायकलच्या दुकानाशी कुणीतरी म्हणालं,
"ती बघ, लाईन देतीये."
बाबा वर खांबावर होते,
कमरेला पट्टा, कानाला काळा रिसीव्हर.
त्यांनी नुसतं खाली बघितलं.
"द्यायला मी आलोय. अर्ज केलाय का?"
ते पोरगं आठवडाभर त्या रस्त्याला फिरकलं नाही.
मीही बाबांशी बोलले नाही.
खरं सांगायचं तर,
थोडीशी देत होते.

मग तांबं उपसलं, किलोवर गेलं.
लाईन दिसेनाशी झाली
आणि नाव तेवढं लांबलं तिचं.
भाजी ऑनलाईन, स्थळं ऑनलाईन,
दहाव्याचे गुरुजीसुद्धा.
बाबा अजून खांबांकडे बघत चालतात
आणि ठेचकाळतात.

आज हयातीचा दाखला.
बँकेतली लाईन पार झेरॉक्सवाल्यापर्यंत.
मशीनवर अंगठा. लाल. पुन्हा. लाल.
तर्जनी. मग डाव्या हाताची सगळी.
"लायनीच उठत नाहीयेत हो काका,"
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
त्यांची बोटं ट्यूबखाली धरून.
तेहतीस वर्षं तार सोलली की असं होतं,
हे तिला कोण सांगणार.

बाबांनी मूठ कानाशी नेली,
जुन्या सवयीनं, टेस्टिंगला न्यायचे तशी.
"हॅलो, एक्स्चेंज? खळदकर बोलतोय.
येतंय का ऐकू?"
ती हसली. मी फरशीकडे बघत राहिले.

तेवढ्यात सर्व्हर गेला.
लोक कुरकुरत पांगायला लागले.
मागची स्वेटरवाली बाई
बाबांच्या कोपराला हात लावून म्हणाली,
"काका, लाईन सोडू नका."