आठशे शब्दांचं पेव

अकरावीत असताना मी एका राजपुत्राला
हरिपूरच्या पेवात उतरवलं.
मगदूम सरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
अद्भुतकथा, शब्द आठशे, शुक्रवारपर्यंत,
कागदाच्या एकाच बाजूला.
राजपुत्राचं नाव वज्रकेतू.
आमच्या गल्लीत वज्रकेतू कुणी नव्हता,
म्हणूनच ठेवलं.

पेवाचं तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं,
पोट मात्र देवळाच्या मंडपाएवढं.
तिथं खाली माझं राज्य.
बोललं की शब्द हवेत पिवळे उमटायचे,
खोटा शब्द रंगच धरायचा नाही.
लोक सावल्या शिजवायचे, वाळवायचे,
ढोलात घालून पॉलिश करायचे
आणि पोती शिवून ठेवायचे, भाव येईपर्यंत.
शिवाय कृष्णेतली एक म्हातारी मगर
रात्री पंख पसरून
आयर्विन पुलाच्या कमानीखालून उडत यायची.
त्या पंखांवर मी एकशे दहा शब्द खर्चले होते.
पिंपळाचं पान कुजल्यावर उरते ना जाळी,
तसे पंख.

यार्डातून आल्यावर आप्पांनी गोष्ट मागितली.
हात दोनदा धुतले होते, तरी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात
एक पिवळा अंगठा उमटलाच.
ते ओठ हलवत वाचतात.
मी कागदाकडे नाही, ओठांकडे बघत होते.
मगर उडाली, ओठ चालूच.
सावल्या शिजल्या, चालूच.
वज्रकेतू पेवात उतरला
आणि ओठ थांबले.

"कंदील कुठं हाय?"

कसला कंदील?

"आधी कंदील सोडायचा खाली.
इझला तर माणूस सोडायचा न्हाई.
तोंड उघडं ठिवून बसायचं गप, वाफ जाईपतोर.
ह्यो तुझा गडी तसाच उतरलाय.
गुदमरंल की गं."

आप्पा, तो राजपुत्र आहे.

"आसू दे की."
मग थोड्या वेळानं,
"आन् वर दोर कुणी धरलाय?"

आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.
थोरल्या काकांचा फोटो आमच्या घरी आहे,
पण ते कशानं गेले
हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्रीही विचारलं नाही.

शब्द मोजले. सातशे अठ्ठ्याण्णव.
दोन शब्दांच्या फटीतून कंदील कसा जाणार?
मग मी मगरीचे पंख काढले.
एकेक ओळ खोडताना
शिवण उसवल्यासारखा आवाज येत होता, खरंच.
मगर आता पोहत आली, साधी,
अंकलीच्या काठावर ऊन खात पडलेली असते तशी.

मोकळ्या जागेतून कंदील खाली गेला. विझला.
वज्रकेतू काठावर बसून राहिला,
खिशातला भडंग खात, राजपुत्राला न शोभेल असा.
पुन्हा कंदील सोडला. पुन्हा विझला.
तिसऱ्यांदा ज्योत नुसती वाकली.
आणि मी लिहिलं :
वर एक माणूस दोर धरून उभा होता.
सात शब्द.

सरांनी नेमका तोच माणूस लाल शाईनं घेरला.
"हा कोण? नाव नाही, संवाद नाही,
कथानकात काम नाही. गाळावा."
मगरीबद्दल लिहिलं होतं, "कल्पनाशक्ती अजून ताणता आली असती."
स्पर्धेला पाठवताना मी स्वच्छ प्रत काढली
आणि माणूस गाळला नाही.
बक्षीस मिळालं नाही.
मिळालेली गोष्ट मिरजेच्या एका मुलाची होती,
चांगली होती, तिच्यात तीन चंद्र होते.

परवा हरिपूरला गेले तर
पेवं कुठं होती तेच कळेना.
पुराचा गाळ, वर गवत, गवतावर कुणाचं तरी क्रिकेट.
ती मुलं कशावर पळताहेत
ते त्यांना सांगावंसं वाटलं,
पण एकाचा सिक्सर गेला आणि राहून गेलं.

माझ्या गोष्टीचा आठशेवा शब्द "हलला" असा आहे.
दोर हलला. तिथं जागा संपली.
त्याला वर ओढलेलं मी लिहिलेलं नाही,
लिहायची गरज आहे असं आप्पांनाही वाटलं नाही.

हळदीचा डाग उन्हात उडतो.
तो कागद मी कपाटात,
अगदी खाली, अंधारात ठेवला आहे.