उजेड तपासणी

तळेगावच्या डेपोत समुद्र नाही.
खडी आहे, क्रेनची करकर, भेळेची एक हातगाडी,
आणि चार-चार थर रचलेले डबे,
दूरच्या बंदरांची धूळ अंगावर घेऊन.

माल भरायच्या आधी एक माणूस रिकाम्या डब्यात जातो.
बाहेरून आम्ही दोन्ही दारं ओढतो, दांडे फिरवतो,
पत्र्यावर चापट मारून विचारतो,
"दिसतंय का काही?"
आतून "काळंकुट्ट!" आलं
की मी फॉर्मवर बरोबरची खूण करते.
या एका धंद्यात अंधार म्हणजे पास.

आत जाणारा बहुतेक वेळा इलाही.
मुकादमाचं आडनाव काळोखे,
त्यावरचे विनोद केव्हाच करून झालेत.

मार्चची दुपार होती. चाकणचे गियर,
तीनशे बारा खोकी.
न्हाव्याला जहाज लागलेलं,
ट्रेलरवाल्याला उजेडात घाट उतरायचा होता.
पत्रा असा तापलेला की चापट मारायला मी फॉर्मचा पुठ्ठा घेतला.
इलाही आत गेला आणि मिनिटभरात ओरडला,
"काळंकुट्ट!"

मिनिटभरात डोळे अंधाराला सरावत नाहीत.
हे मला माहीत होतं.
मी खूण केली.

जुलैत मोंबासाहून कागद आला, सोबत फोटो.
खालच्या थरातली खोकी फुगलेली,
पुठ्ठा दुधात कुस्करलेल्या भाकरीसारखा,
गियरच्या दातांवर तांबूस मिसरी.
कारण: खारं पाणी.
छिद्र: डावी भिंत, तळापासून वीतभर वर,
सुईच्या नेढ्याएवढं.

इलाहीने फोटो बराच वेळ हातात धरला.
"समुद्र," तो म्हणाला, "आपल्या मालात,"
जसं आपण नसताना कुणी घरी येऊन गेलं असावं.
त्याचे तीन रोज कापले.
माझ्या खुणेबद्दल कुणी विचारलं नाही.
मीही नाही सांगितलं.

आता तो आत जातो आणि खाली बसतो.
ट्रेलर हॉर्न देतो. काळोखे आयमाय काढतो.
मी घड्याळाचा हात पाठीमागे धरते.

काल खूप वेळाने आवाज आला,
"ताई, एक आहे. डावीकडं.
थांबा, खडूनं गोल करतो."

मग काहीच नाही.
क्रेनसुद्धा थांबलेली.

"नाही हो. दोन."