कार्बन प्रत

आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात.
म्हणून कचेरी उघडली त्या पहिल्या सोमवारी
साल्तोच्या धक्क्याकडून एक बाई आली,
काखेत खोकणारं पोर.
डॉक्टर एवारिस्तो लाकुएस्ता हसले नाहीत.
खुर्ची दिली, पोराच्या छातीला कान लावला,
मला म्हणाले, एर्सिलिया, दवाखान्यात फोन कर,
आणि हिच्या घरमालकाचं नाव लिहून घे.
भिंतीला ओल असणार.

त्या ओलीचा खटला आम्ही जिंकलो.
फी म्हणून संत्र्यांची पेटी आली,
तळातली चार नासकी.

मी टाइपरायटरवर. तीन प्रती:
कोर्टाला, अशिलाला, कपाटाला.
मी हौसेनं लिहायची ‘अमानुष घरमालक’,
ते लाल पेन्सिलीनं ‘अमानुष’ उडवायचे.
ओल किती वीत चढली ते लिही, म्हणायचे,
अमानुष काय ते न्यायाधीश म्हणेल.

मग संसदेला कुलूप लागलं ती वर्षं.
एर्मिनिया ओलास्कोआगाचा मुलगा
मंगळवारी छापखान्यात गेला,
गेला तो गेलाच.
वय एकोणीस. डाव्या भुवईवर व्रण.
बहिणीनं विणलेला राखाडी स्वेटर, एक बटण वेगळं.
‘राखाडी’ राहू दे, म्हणाले, तो पुरावा आहे.
अर्ज न फोडताच परत आला.
पुन्हा पाठवला. पुन्हा.
एर्मिनिया वाढदिवस विसरत नसे,
एकोणिसाचे मी वीस केले,
विसाचे एकवीस.
सव्विसाव्या अर्जानंतर डॉक्टरांनाच उचललं.
सत्ताविसावा मी एकटीनं टाइप केला,
सही कुणाची करायची ते न कळून
तसाच कपाटात ठेवला.

चौदा महिन्यांनी परतले.
कोटाच्या खिशात हात घालून बसायचे.
नखांबद्दल मी विचारलं नाही.

कुलूप निघालं तेव्हा गावानं त्यांना
खांद्यावरून थेट राजधानीत पोचवलं.
सिनेटर लाकुएस्ता!
पहिलं भाषण मी रेडिओला चिकटून ऐकलं,
हातातला माते गार होईतो.
उज्ज्वल, अभूतपूर्व, पवित्र, ऐतिहासिक…
एका श्वासात अकरा. मी बोटांवर मोजली,
बोटं पुरली नाहीत.
कामाचा व्याप असेल, म्हटलं,
खोडायला वेळ मिळत नसेल.

आणि तो उन्हाळा.
जुनी प्रकरणं मिटवायचा ठराव.
वर्तमानपत्रात फोटो: सभागृहभर वर झालेले हात,
तिसऱ्या रांगेत त्यांचा,
मूठ मिटलेली.
खाली त्यांचंच वाक्य, राष्ट्राच्या व्यापक हितासाठी.
व्यापक.

दुसऱ्या दिवशी एर्मिनिया आली. ओरडली नाही.
पिशवीत संत्री होती, सवयीनं आणली असतील.
ती प्रत आहे का गं, म्हणाली.
आहे, म्हटलं.
असू दे. नुसतं विचारलं.

पुढे ते मंत्री झाले, दोनदा.
धक्क्याजवळच्या चौकाला नाव द्यायचं घाटतंय.

परवा आले. काठी, हॅट, बाहेर मोटार.
कचेरीच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान,
मागच्या खोलीत मी आणि कपाट.
एर्मिनियाची फाइल मागितली.
उभ्यानंच वाचली,
एकोणीस, वीस, एकवीस,
ओठ हलत होते.
सत्ताविसाव्या प्रतीशी थबकले.
तिथं मी एक शब्द घुसवला होता,
‘लाडका मुलगा’.
हात आपसूक खिशात गेला, पेन्सिल निघाली,
कागदावर टेकलीसुद्धा.

किती वेळ, ते नाही सांगता येणार.
बाहेर दुकानात कुणाच्या तरी फोनची
तीच ती धून पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते.

पेन्सिल परत ठेवली त्यांनी.
ती कुठं राहते, विचारलं.
मी पत्ता सांगितला, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्यानं.
तिच्या घराकडे जायला
फाटकातून उजवीकडे वळावं लागतं.
मोटार सुरू झाल्याचं ऐकू आलं.
मी कपाटाला कुलूप लावत होते.