सात शिट्ट्या

माझं नाव सुनेत्रा.
हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते.
बारशाच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं
आणि नंतर बदलायचा सगळ्यांनी कंटाळा केला.

मनामातल्या एका इस्पितळात फोन घेते, एकोणीस वर्षं.
मार्चात तीन दिवसांची रजा टाकली,
अपंगांच्या चित्रपट महोत्सवात परीक्षक म्हणून.
साहेब म्हणाले, परीक्षक? तू?
मी म्हटलं, हो, मीच. आणि ड्यूटी मर्लिनच्या गळ्यात घातली.

परीक्षकांची खोली पहिल्या मजल्यावर.
लिफ्टवर कागद चिकटवलेला, तो रीमने वाचून दाखवला.
बदरिया खालीच, तिच्या चाकांच्या खुर्चीत.
दोन पोरं धावली तिला उचलून न्यायला.
"मी सोफा नाही," ती म्हणाली.
मग आम्हीच खाली उतरलो,
स्वयंपाकघराशेजारी पडदा टांगून घेतला,
फ्रीजच्या घरघरीत, वेलचीच्या कॉफीच्या वासात.
आंधळा मागतो एक डोळा... पुढचं मला पाठ आहे.
आम्ही तर नुसती लिफ्ट मागितली होती.

तेवीस चित्रपट.
पहिल्याच दुपारी कळलं,
व्हायोलिन वाजलं की समजावं, चाकांची खुर्ची येतेय.
बासरी असेल तर माझ्यासारखं कुणीतरी,
समुद्राकाठी, चेहरा वाऱ्याकडे.
(मी समुद्रावर जाते तेव्हा सँडलमधली वाळू झटकत असते.)
शेवटी कुणी धावतं, कुणी जिंकतं,
मागच्या रांगेतल्या स्वयंसेविका नाक ओढतात
आणि बदरिया पेन आपटते.
तो आवाज मी ओळखायला लागले: वजा दोन गुण.

गुणपत्रिकेत एक रकाना होता. प्रेरणा, दहापैकी.
मिर्झा त्यावर हातांनी काहीतरी बोलला.
मिर्झा मुहर्रकचा, घड्याळं दुरुस्त करतो,
टिकटिक त्याला बोटांत लागते, कानात नाही.
रीम बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "याचं भाषांतर मी करणार नाही."

सतरावा चित्रपट अकरा मिनिटांचा.
कुवेतमधलं एक कर्णबधिर जोडपं
विजेच्या बिलावरून भांडतं. बस, एवढंच.
माझ्या कानातल्या वर्णनात एकच वाक्य: ते भांडत आहेत.
बाकीचं मी ऐकलं.
चपला. खुर्ची सरकली. तळहातावर तळहात.
आणि मागे कुकर.
पहिली शिट्टी, दुसरी,
चौथीला मी सरसावून बसले,
पाचवीला तोंडातून गेलंच, अगं बाई, गॅस!
सातवीला जळक्या डाळीचा वास आला मला,
शपथ, त्या खोलीत.

मिर्झा हसत होता, मोठ्यानं, सैल,
स्वतःचं हसू कधी न ऐकलेल्या माणसासारखा.
ती बाई एका भुवईत सासूची नक्कल कशी करते,
नवरा हात खिशात घालून कसा अबोला धरतो,
सगळं त्याने रीमच्या तोंडून मला दिलं.
मी विचारलं, आणि कुकर?
कुठला कुकर?
वाफ दिसली होती त्याला. वाफेचं काय एवढं?
मी त्याचं मनगट धरलं आणि सात वेळा दाबलं,
दर वेळी जरा जास्त.
चौथ्याला त्याचा हात गप्प झाला.
सातव्याला तो पुन्हा हसला, या खेपेला हळू.

दिग्दर्शिकेलाही ऐकू येत नाही, असं अर्जात होतं.
मग शिट्ट्या तिने ठेवल्या, की राहून गेल्या?
यावर आम्ही तासभर कडाकडा भांडलो.
प्रायोजक बँकेच्या अदनान साहेबांनी दोनदा बाही सरकवली,
घड्याळ पाहिलं असणार.
त्यांना धावणारा मुलगा हवा होता. पोस्टरला बरा.

मतं तीनास एक.
प्रेरणेच्या रकान्यात आम्ही तिघांनी शून्य लिहिलं.
माझं रीमने काढलं. म्हटलं, नीट गोल काढ गं.

जाताना लिफ्टवर तोच कागद.
बदरिया वकील आहे.
तिने तो सावकाश सोलून काढला, न फाटू देता,
आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.